हीट तयार, पण यूएसबी बंद

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीतून सकाळी फोन आला. पलीकडच्या सुपरवायझरांचे पहिले वाक्य संगणकाविषयी नव्हते, भट्टीविषयी होते. "ताई, हीट तयार आहे आणि स्पेक्ट्रोचा कॉम्प्युटर बसलाय. कीबोर्ड चालंना, माऊस चालंना, पेनड्राइव्ह घालून बघितला तर त्याचा दिवासुद्धा लागंना." हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेले लोखंड. मी त्यांना फोनवर एकच गोष्ट बजावली, की मी येईपर्यंत कोणीही विंडोज नव्याने टाकू नये. मग राजारामपुरीतले संगणक दुरुस्तीचे दुकान सोबतच्या मुलाकडे सोपवून तावडे हॉटेलमार्गे निघाले.

स्पेक्ट्रो म्हणजे धातूतील घटक मोजणारे यंत्र. भट्टीतील वितळलेल्या लोखंडाचा थोडा भाग तांब्याच्या साच्यात ओतून झटपट थंड करतात, त्या नाण्याएवढ्या चकतीचा पृष्ठभाग घासून सपाट करतात आणि आर्गॉन वायूच्या आवरणात तिच्यावर ठिणगी पाडतात. त्या ठिणगीच्या प्रकाशावरून कार्बन किती, सिलिकॉन किती, मॅंगनीज किती हे मिनिटभरात पडद्यावर येते. हे आकडे आल्याशिवाय लॅडल, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यांपर्यंत नेणारे भांडे, हलत नाही. भट्टी थांबवून ठेवावी तर 1,400 अंशांच्या वर तापलेले लोखंड तसेच राखण्यासाठी वीज जळत राहते, शिवाय भट्टीचे अस्तर सिलिकाचे असल्यामुळे त्या तापमानाला धातूतील कार्बन हळूहळू घटतो आणि सिलिकॉन वाढते. थोडक्यात, उशीर झाला तर मिश्रणच बदलत जाते. सुपरवायझर अनुभवी होते. त्यांनी माझी वाट पाहत न बसता चकती मोटारसायकलवरून शेजारच्या फाउंड्रीत पाठवली होती आणि तिथले आकडे मोबाइलवर मागवले होते. ती हीट त्यावर निभावली, पण दिवसभराच्या सगळ्या हीट शेजाऱ्यांच्या भरवशावर काढणे शक्य नव्हते.

मी पोहोचले तेव्हा कार्यालयात बिलिंगचे काम पाहणारा एक उत्साही तरुण संगणकासमोर बसलेला होता. त्याचे निदान ठरलेले होते, ते म्हणजे ड्रायव्हर (जोडलेली उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअरे) उडाले आहेत आणि विंडोज पुन्हा टाकायला हवे. पेनड्राइव्हवरून ते होत नव्हते, कारण पोर्टच बंद होते. म्हणून त्याने डीव्हीडी आणायला माणूस पाठवला होता. ती डीव्हीडी वेळेवर आली असती तर मोठा घोळ झाला असता. या यंत्राच्या अंशांकनाच्या (कॅलिब्रेशनच्या) फाइली त्याच संगणकावर असतात. त्या गेल्या असत्या, तर प्रमाणित नमुन्यांवरून, प्रकाशावरून घटकाचे प्रमाण काढणारे सगळे वक्र पुन्हा बसवण्यासाठी कंपनीचा अभियंता बोलवावा लागला असता आणि तोपर्यंत लॅब बंद राहिली असती.

ड्रायव्हरवर संशय घेण्याची सवय आमच्या धंद्यात सगळीकडे दिसते. यूएसबी बंद पडली की लोक थेट डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) उघडतात, त्यातून यूएसबीचे हब काढतात, पुन्हा घालतात, वीज वाचवण्याच्या पर्यायावरची खूण काढतात. हे सगळे उपाय आपापल्या जागी खरे आहेत, मात्र ते पोर्टपर्यंत वीज पोहोचते आहे असे गृहीत धरतात. यूएसबीच्या जुन्या, 2.0 प्रकारच्या केबलमध्ये चारच तारा असतात. लाल तारेत पाच व्होल्ट, काळी जमिनीची (ग्राउंड), पांढरी आणि हिरवी माहिती वाहणारी. ड्रायव्हरचा संबंध पांढऱ्या-हिरव्या तारांशी असतो, तर लाल तारेतील वीज मदरबोर्डकडून येते आणि तिला विंडोज चालू आहे की बंद याच्याशी फारसे देणेघेणे नसते. त्यामुळे माऊसच्या पोटातला लाल प्रकाश लागतो का, हा माझा पहिला प्रश्न असतो. प्रकाश लागला आणि बाण हलला नाही, तर सेटिंग, ड्रायव्हर किंवा कंट्रोलर पाहावा. प्रकाशच लागला नाही, तर आधी विजेच्या मागे लागावे.

मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि पडद्याकडे न पाहता कीबोर्डकडे पाहत राहिले. चांगल्या संगणकात सुरुवातीलाच, विंडोज उठण्याच्या कितीतरी आधी, कीबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकतात. इथे ते लागलेच नाहीत. माऊस उलटा धरला, तोही अंधारात. मागचे चार पोर्ट आणि पुढचे दोन, सगळीकडे तीच अवस्था होती. विंडोज अजून उठलेलीच नाही आणि तरीही दिवा नाही, म्हणजे दोष विंडोजकडे असणे शक्य नव्हते. बिलिंगचा तरुण "अपडेटमुळे असेल" असे म्हणाला, पण हा संगणक इंटरनेटला कधी जोडलेलाच नव्हता. त्यावर अजूनही विंडोज 7 होते, जिचे अपडेट 2020च्या जानेवारीत थांबले. कारखान्यांच्या लॅबमध्ये असे संगणक भरपूर आढळतात, कारण यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच याची खात्री नसते.

माझ्या पिशवीत जुना, जांभळ्या गोल पिनचा पीएस/2 कीबोर्ड कायम असतो. दुकानातली पोरे त्यावर हसतात, परंतु अशा वेळी तोच कामाला येतो, कारण त्याला यूएसबीची गरज पडत नाही. संगणक बंद असतानाच तो लावला (चालू यंत्रात ही पिन घालू नये) आणि विंडोजमध्ये शिरले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हब आणि कंट्रोलर जागच्या जागी होते, बिघाडाची पिवळी खूण कुठेही नव्हती. स्पेक्ट्रो स्वतः लॅन केबलने जोडलेला होता आणि त्याचा संपर्क ठीक होता. तरीही सॉफ्टवेअर उघडेना, कारण त्याच्या परवान्याचा डोंगल, म्हणजे किल्लीसारखे छोटे उपकरण, यूएसबीमध्ये बसतो. कीबोर्डची सोय झाली, तरी पोर्ट जिवंत केल्याशिवाय सुटका नव्हती.

खरा धागा मिळाला तो लॅबमधल्या मुलाकडून, तोही मी त्याला सकाळपासून काय काय केले ते क्रमाने सांगायला लावले तेव्हा. "कोपऱ्यात एक पिवळी सूचना आलती, पॉवर सर्ज ऑन हब पोर्ट का काय. बंद करायला गेलो तर माऊसच हलंना." त्या आधी काय केले होते? मोबाइल चार्जिंगला लावला होता. कुठे? त्याने पुढच्या पोर्टकडे बोट दाखवले आणि मग जरा मागे सरकला.

मोबाइल लावल्याने पोर्ट मरत नाही. 2.0 प्रकारच्या पोर्टकडून 500 मिलिअँपिअर मिळावेत असे गृहीत असते आणि फोन साधारण तेवढ्यात निभावतो. बिघाड चार्जिंगच्या विजेमुळे नव्हता. मोबाइल केबलला लोंबकळत होता. बॅटरीच्या उजेडात पुढच्या पोर्टमध्ये पाहिले, तर आतली प्लॅस्टिकची जीभ मुळाशी मोडली होती आणि तिच्यावरची पहिली पितळी पट्टी वर उचलून पोर्टच्या पत्र्याच्या कवचाला टेकली होती. पहिली पट्टी पाच व्होल्टची, कवच जमिनीचे. फटीत काळी भुकटीही बसलेली होती. फाउंड्रीतल्या धुळीत लोखंड आणि कार्बन असतो, त्यामुळे ती थोडीफार वीज वाहते, पण इथे मुख्य गुन्हेगार ती वाकलेली पट्टीच होती.

नजरेवर मी समाधान मानत नाही. माझ्याकडे एक कापलेली यूएसबी केबल आहे, जिच्या लाल आणि काळ्या तारांची टोके सोललेली आहेत. ती मागच्या पोर्टमध्ये घालून मल्टिमीटर लावला, तर पाच व्होल्टच्या जागी अर्धा व्होल्टसुद्धा दिसेना. मग भिंतीचा प्लग काढला, कॅबिनेट उघडले आणि मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या जागेवरून पुढच्या पोर्टची केबल उपसली. मोकळ्या केबलच्या लाल आणि काळ्या टोकांवर मीटर धरताच तो अखंड पिपाणी वाजवू लागला, म्हणजे शॉर्ट तिथेच होते.

पुढचा पोर्ट मोडला तर मागचे का मरावेत, हा प्रश्न सुपरवायझरांनी विचारला आणि तो अगदी योग्य होता. या स्वस्तातल्या बोर्डवर सगळ्या पोर्टची पाच व्होल्टची वाट एकाच संरक्षक फ्यूजमधून जात होती. हा फ्यूज जळून तुटणारा नसतो. जास्त प्रवाह गेला की तो तापतो, त्याचा रोध कैक पटींनी वाढतो आणि वाट जवळजवळ बंद होते. थंड झाला की पुन्हा पूर्ववत होतो. गोम अशी, की संगणक बंद केला तरी भिंतीचा प्लग चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय स्टँडबायचे पाच व्होल्ट देतच राहतो. शॉर्ट तसेच आणि वीजही तशीच, मग फ्यूज थंड होणार कधी? सकाळपासून या मंडळींनी संगणक कितीतरी वेळा बंद-चालू केला होता, प्लग मात्र कोणी काढला नव्हता. अर्थात नुसता प्लग काढूनही भागले नसते, कारण केबल जागेवर असती तर फ्यूज पुन्हा तापला असता.

प्लग काढलेलाच ठेवून उरलेली वीज निघून जावी म्हणून पॉवरचे बटण दाबून धरले आणि चहा येईपर्यंत थांबले. तेवढ्यात हौसेने कॉम्प्रेसरचा पाइप ओढून आणणाऱ्या हेल्परला थांबवावे लागले. त्या हवेत पाण्याचा आणि तेलाचा अंश असतो, साच्यांना ती चालते, मदरबोर्डला नाही. कोरड्या ब्रशने जमेल तेवढी भुकटी काढली. प्लग लावून पुन्हा मोजले, तेव्हा मीटरवर पाच व्होल्ट आले. कीबोर्डचे दिवे लुकलुकले, डोंगल ओळखला गेला आणि सॉफ्टवेअर उघडले.

आधी प्रमाणित नमुन्यावर ठिणगी पाडून यंत्र जुळवून घेतले आणि मग सकाळच्याच हीटच्या, ओतण्याच्या आधी घेतलेल्या दुसऱ्या चकतीची तपासणी केली. शेजाऱ्यांच्या आकड्यांपेक्षा सिलिकॉन किंचित जास्त आणि कार्बन किंचित कमी आला. लॅबमधला मुलगा घाबरला, त्याला वाटले यंत्रच बिघडले. सुपरवायझर मात्र शांतपणे म्हणाले, "अरे, पहिली चकती गेल्यावर अर्धा तास भट्टी धरून ठेवली होती, असंच येणार."

पुढच्या पोर्टची केबल मी परत जोडली नाही. त्या दोन तोंडांवर चिकटपट्टी लावून तसे लिहून ठेवले. डोंगल मागच्या, सहज हात न जाणाऱ्या पोर्टमध्ये बसवला. अंशांकनाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून सुपरवायझरांच्या कपाटात ठेवायला दिली, आणि बिलाच्या खाली लॅबच्या भिंतीवर मोबाइलसाठी एक साधा चार्जर बसवावा अशी सूचना लिहिली. मालकांनी बिलावर सही करताना त्या मुलालाच तो आणायला पाठवले.