मिशिगन ते केंटकी: ऑक्टोबरात बोट खाली नेताना

काकांनी फोनवर विचारलं, "अरे, ऑक्टोबरात तीन आठवडे रजा मिळेल का? बोट खाली न्यायचीय." निवृत्तीनंतर ते केंटकी लेकपाशी राहायला जाणार होते आणि त्यांची ३६ फुटी मोटरबोट उभी होती मिशिगनमधल्या हॉलंडला. ट्रकवर घालून नेता आली असती. पण काकांना पाण्यातूनच न्यायची होती. लेक मिशिगनच्या दक्षिण टोकाने शिकागो, तिथून इलिनॉय नदी, मग मिसिसिपी, केरोपाशी वळून ओहायो नदीतून प्रवाहाविरुद्ध पडूका आणि शेवटी कंबरलँड नदीतून वर. मी मालवणचा. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरून निवळत आलेला समुद्र. मी लगेच हो म्हणालो आणि तिथेच फसलो.

सुरुवात केली ती बोटीच्या उंचीपासून. शिकागोच्या पुढे, लेमाँटजवळ, एक रेल्वेचा पूल आहे. तो उघडत नाही आणि पाण्यापासून त्याची उंची आहे जेमतेम १९.६ फूट. तलावातून नदीत उतरायला दुसरी वाट नाही. बोट विकणाऱ्याच्या कागदावर उंची १७ फूट लिहिलेली. काका म्हणाले, "झालं की मग." मला तो १७ चा गोल आकडा पटेना. शनिवारी धक्क्यावर गेलो. प्लास्टिकच्या पाइपवर फुटांच्या खुणा केल्या, तो बोटीला लागून पाण्यात उभा धरला आणि रडारच्या टोकावरून त्याच्यापर्यंत एक पट्टी आडवी ठेवली. काका पट्टीवर पाणसळ ठेवून ओरडत होते, "डावीकडे! अजून! आता बुडबुडा मध्ये आला!" आकडा आला २० फूट ४ इंच. आधीच्या मालकाने रडारसाठी वर कमान बसवली होती, ती कागदावर कुठेच नव्हती. बोल्ट काढून कमान आडवी केल्यावर १७ फूट १० इंच. टाकी रिकामी होत जाते तशी बोट पाण्यातून वर येते, म्हणून हे माप टाकी अर्धी असताना घेतलं. शिकागो शहरातले पूल तर आणखी खाली, १७ फुटांच्या आसपास. त्यामुळे उंच इमारतींमधून बोट काढायची काकांची हौस बारगळली आणि आम्ही शहराच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या कॅल्युमेट नदीची वाट धरायचं ठरवलं.

तलावाचा भाग शंभर मैलांच्या आतबाहेरचा, पण सगळ्यात जास्त डोकं त्यानेच खाल्लं. लेक मिशिगन उत्तर-दक्षिण ३०७ मैल लांब आहे. उत्तरेचा वारा सुटला की त्याला लाट वाढवायला ही सगळी लांबी मिळते आणि आम्ही बरोबर खालच्या टोकाला. शरदात पाणी अजून कोमट असतं, वरून थंड हवा येते आणि वारा थेट पाण्यापर्यंत उतरतो. समुद्राची लाट लांब असते, तिच्यावर होडी चढते-उतरते. इथली लाट आखूड आणि उभी. एकीतून सावरतोय तोवर दुसरी अंगावर. माझे वडील असते तर म्हणाले असते, हे पाणी नाही, हा खड्ड्यांचा रस्ता आहे.

काकांनी फ्रिजवर तारखा लावल्या होत्या: सोमवारी सेंट जोसेफ, मंगळवारी मिशिगन सिटी, बुधवारी शिकागो. मी तो कागद काढून टाकला. त्याऐवजी एकच अट ठरवली: अंदाजात दोन फुटांपेक्षा मोठी लाट असेल तर दोर सोडायचे नाहीत. सेंट जोसेफला त्या अटीपायी चार दिवस बसलो, रमी खेळलो आणि एकमेकांवर वैतागलो. पाचव्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा पाणी आरशासारखं होतं.

इलिनॉय नदीत लाटेची भीती नाही, पण तिथे थांबावं लागतं लॉकपाशी, म्हणजे बोट खालच्या पातळीच्या पाण्यात उतरवणाऱ्या दारांच्या हौदापाशी. माल वाहणाऱ्या सपाट तराफ्यांना, बार्जना, आधी सोडतात, हौशी बोटी शेवटी. एकत्र बांधून ढकलत नेलेल्या पंधरा बार्जचा ताफा, म्हणजे टो, ६०० फुटांच्या लॉकमध्ये एका खेपेत मावतच नाही. आधी अर्धा, मग उरलेला. एका लॉकबाहेर आम्ही पाच तास गोल गोल फिरत होतो. मात्र टोचे कप्तान सभ्य. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या तेरा नंबरवर विचारलं की शांतपणे सांगायचे, "वन व्हिसल." म्हणजे समोरासमोर जाताना एकमेकांना डावीकडे ठेवायचं.

पेट्रोलचा हिशेब मी वहीत चार वेळा केला होता. मिसिसिपीवरच्या ऑल्टनला टाकी भरली की पडूकापर्यंत, म्हणजे जवळपास २५० मैल, पंप मिळणार नाही असंच धरायचं. पहिले दोनशे मैल मिसिसिपी आपल्याला ढकलते, शेवटचे सत्तेचाळीस ओहायो मागे ओढते. हळू चाललो तर सगळे मिळून २६ तास. ताशी ७ गॅलन, म्हणजे १८२. टाकी २४० ची, त्यातला खालचा पाचवा हिस्सा नाहीच असं समजायचं. उरले १९२. दहा गॅलनचा खेळ. काकांना बजावलं होतं, थ्रॉटलला हात लावायचा नाही.

रात्री चालवायचं नव्हतं, कारण अख्खी झाडं वाहत येतात. पहिला मुक्काम कास्कास्किया लॉकच्या भिंतीला, दुसरा केप जिरार्डोजवळच्या लिटल डायव्हर्जन कालव्यात. तिथे सकाळी इतकं धुकं की नांगराचा दोर दोन हातांवर दिसेनासा होत होता. नऊ वाजेपर्यंत चहा पीत बसलो.

पडूकाच्या पंपावर मी आकड्यांकडे टक लावून उभा होतो. १८० गेला. १८५ गेला. १८८ ला खटका पडला.

काकांनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "सेंट लुईसपाशी जरा जोरात घेतली होती," ते म्हणाले, "तू खाली झोपला होतास तेव्हा."