एका झुडपाचं वर्णन लिहिताना

केपटाऊनला आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या मागच्या अंगणात एक झुडूप होतं. गुलाबी फुलांचं, कुंपणाला टेकलेलं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. बुंध्याशी नर्सरीची प्लास्टिकची पाटी अजून खोचलेली होती: अ‍ॅनिसोडोंटिया केपेन्सिस. मी अकरा वर्षं सीनियर कॉलेजात बॉटनी शिकवली आहे. फूल बघितल्याबरोबर मनात म्हटलं, भेंडीच्या कुळातलं. पाटीशी जुळलंही. पुढे जी फजिती झाली ती सगळी या ‘जुळलंही’मुळे.

गोष्ट २०२३ सालच्या सप्टेंबरची, म्हणजे तिकडच्या वसंताची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे होतो आणि माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. मग शनिवारी सकाळी हौशी मंडळींचा एक वनस्पती अभ्यासगट भरायचा, तिथे जायला लागले. गट चालवणारे गृहस्थ सत्तरीचे, आफ्रिकान्स बोलणारे. सगळे त्यांना ‘ऊम’ म्हणत, म्हणजे काका. आठ दिवसांत मीही म्हणायला लागले.

ऊमनी पहिलाच गृहपाठ दिला तो असा: घराजवळचं एक झाड निवडा आणि नाव न लिहिता त्याचं शास्त्रीय वर्णन एका पानात करा. तो कागद गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा. त्याने झाड न बघता, फक्त कागदावरून, ओळखीची की चालवत नावापर्यंत पोचायचं. की म्हणजे दोन-दोन पर्यायांची शिडी. फळ फुटून उघडतं की त्याचे तुकडे पडतात? तुकडे पडत असतील तर अमुक पायरीवर जा. एक उत्तर चुकलं की माणूस भलत्याच मजल्यावर.

मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. मुलांकडून असली वर्णनं मी शेकड्याने लिहून घेतली आहेत. जास्वंद घेऊन या म्हटलं की निम्मी पोरं घरच्या देवापुढचं फूल उचलून आणायची, त्याला अजून हळदकुंकू लागलेलं असायचं. ब्लेडने उभं चिरायचं, पाच पाकळ्या, सगळे पुंकेसर जुळून झालेली नळी, तिच्यातून वर आलेला किंजल. तेच इथे. फूल फक्त लहान, पसरलं तर दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, पाकळ्यांच्या तळाशी गडद किरमिजी डाग आणि तिथून वर चढणाऱ्या शिरा.

पाऊण तासात वर्णन तयार. झुडूप, उंची सुमारे दोन मीटर. पानं साधी, एकाआड एक, एक ते दीड सेंटिमीटर लांब, तीन उथळ खंडांची, कडा दातेरी. बाह्यसंवर्त, म्हणजे फुलाच्या हिरव्या संवर्ताखालचं आणखी एक वर्तुळ, तीन अरुंद दलांचा. पाकळ्या पाच. आणि असंच पुढे. कागद गेला एका विद्यार्थिनीकडे. विशीतली मुलगी, पर्यावरणशास्त्र शिकणारी.

पुढच्या शनिवारी तिने कागद परत आणला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, “यात दोन झाडांची वर्णनं मिसळली आहेत का?”

तिचं बरोबर होतं. माझ्या वर्णनातली पानं एका जातीची होती आणि उंची दुसऱ्या जातीची. केपेन्सिस हे बारीक फांद्यांचं, लहान पानांचं, साधारण मीटरभर वाढणारं झुडूप. दोन मीटर लिहिलं की ती पायरी बंद होते. मी पानं मोजली होती खरी, पण कुठली? फुलांसाठी तोडलेल्या शेंड्याच्या फांदीवरची कोवळी. आणि तीच का मोजली, तर पाटी वाचून मी आधी केपेन्सिसची माहिती काढली होती आणि ‘लहान पाने’ हे शब्द डोक्यात घेऊनच पट्टी लावली होती. उंचीबाबत तेवढं खोटं बोलता आलं नाही, कारण झुडूप माझ्याहून उंच होतं.

ऊमनी कागदावर नजर टाकली आणि एकच प्रश्न विचारला. “बाह्यसंवर्ताची दलं मोजली होतीस का?”

मोजली नव्हती. माल्व्हा या जवळच्या वंशात तीन असतात हे पाठ होतं, म्हणून तीन लिहिली होती. अकरा वर्षं मुलांच्या जर्नलमध्ये याच कारणासाठी लाल शेरे मारलेली मी, मान खाली घालून बसले.

दुसऱ्या वेळी पाटी उपटून स्वयंपाकघराच्या खणात टाकली आणि नव्याने सुरुवात केली. तळापासून शेंड्यापर्यंत वेगवेगळ्या फांद्यांवरची वीस पानं घेतली. खालची पानं साडेचार-पाच सेंटिमीटरची निघाली, आकार लांबट, खंड काहींना स्पष्ट, काहींना जवळपास नाहीतच. दात सगळ्यांना, पण एकसारखे नाहीत, एक मोठा, दोन बारके, पुन्हा मोठा. अ‍ॅनिसोडोंटिया या ग्रीक नावाचा अर्थच असमान दातांची. नाव माहीत असूनही पहिल्या वेळी मी फक्त ‘दातेरी’ लिहून मोकळी झाले होते.

केसांचं प्रकरण अपघाताने उलगडलं. नमुना दाबायला रद्दी हवी होती. आईने पुण्याहून लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून दिलेला ‘सकाळ’ पडला होता, तो वापरला. मधल्या काळात रोज लोडशेडिंग. हा शब्द तिथे अगदी आपल्यासारखाच वापरतात, महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. वीज नसल्यामुळे हीटरजवळ प्रेस ठेवता येईना, कागद दिवसातून दोनदा हाताने बदलायचे. तिसऱ्या दिवशी एक पान उचललं तर ते कागदाला चिकटलेलं. हलकेच ओढलं तेव्हा कागदाचा एक पापुद्रा पानाच्या पाठीवर निघून आला, त्यावर छोट्या जाहिरातीतलं ‘त्वरित पाहिजे’ एवढं शाबूत. ताजं पान तोडून दहापटीच्या भिंगाखाली धरलं. आपल्या पेटारीच्या पानावर असतात तसे तारकाकृती केस होते, एका बिंदूतून चारी दिशांना गेलेले. पण त्यांच्यामध्ये दुसरेही होते, सरळ उभे, टोकाला टाचणीच्या माथ्यासारखा चकाकता थेंब. ग्रंथीकेस. पान चुरगाळलं की बोटांना चिकट लागत होतं आणि उग्र वास येत होता. पहिल्या कागदात मी लिहिलं होतं: पाने लवदार. बस.

मग फळ. इथे मात्र बॉटनीच्या माणसाला रमायला होतं, म्हणून थोडी थांबते. भेंडी किंवा कापूस बघा, त्यांचं बोंड कप्प्याकप्प्यांनी उकलतं आणि बी बाहेर पडतं, बोंडाचा सांगाडा मागे राहतो. पेटारीचं तसं नाही. त्या गोल दातेरी चकतीचे, जिचे लहानपणी आपण शाईत बुडवून शिक्के मारतो, वाळल्यावर फोडीसारखे भाग सुटे होतात. माझ्या झुडपाचं फळ त्याच घराण्यातलं, फक्त शर्टाच्या बटणाएवढं, सोललेल्या संत्र्याच्या फोडी गोल मांडाव्यात तसं. सुईने सोडवून मोजलं: एकात सात फोडी, दुसऱ्यात आठ. म्हणजे जास्वंद-भेंडीची शाखा बाद, आपण माल्व्ही या गटात. पुढची पायरी किंजलाच्या टोकांची. माल्व्हा वंशात किंजलाच्या प्रत्येक शाखेच्या आतल्या बाजूने किंजल्क, म्हणजे पराग धरणारा भाग, रेघेसारखा खाली उतरलेला असतो. इथे प्रत्येक शाखेच्या टोकाला स्वच्छ गाठ होती. दोन फुलं कामी आली तेव्हा ती गाठ नीट दिसली, कारण किंजल आधी पुंकेसरांच्या झुपक्यात लपलेला असतो आणि परागकोश फुटून गेल्यावर बाहेर येतो. ताजं टवटवीत फूल निवडलं की हमखास चुकतं. शिळं घ्यायचं.

बाह्यसंवर्त या खेपेला मोजला. तीन दलंच निघाली. पहिल्या वेळी ठोकून दिलेलं बरोबर आलं, याचा आनंद का होऊ नये ते मला अजून कळलेलं नाही, पण झाला नाही.

दुसरा कागद त्याच मुलीकडे गेला आणि ती अ‍ॅनिसोडोंटिया स्कॅब्रोसावर पोचली. स्कॅब्रोसा म्हणजे खरखरीत. आफ्रिकान्समध्ये याला सांडरूस म्हणतात, वाळूतला गुलाब, कारण पश्चिम केपपासून क्वाझुलू-नताळपर्यंत किनाऱ्याच्या वाळूत आणि खडकांत ते वाढतं. गुलाबाशी नातं काही नाही, पण आपणही सदाफुलीला कुठे जाब विचारतो.

नर्सरीत हे घोटाळे नेहमीचे, असं ऊम म्हणाले. केपेन्सिस हे नाव बाजारात चालतं, मग गुलाबी फुलाचं जे काही या वंशातलं असेल त्याला तीच पाटी लागते. नर्सरीत जाऊन सांगितलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, गिऱ्हाईक याच नावाने मागतं. भांडायला मलाही जोर नव्हता, कारण पाटीवर विश्वास टाकणारी मीच.

पण नावांचा गोंधळ फक्त नर्सरीवाल्यांचा नाही. लिनिअसने १७५३ मध्ये केपेन्सिसला माल्व्हा म्हटलं होतं. अ‍ॅनिसोडोंटिया हा वंश केला तो प्रागच्या प्रेस्लने, एकोणिसाव्या शतकात. तरीही १८६० च्या ‘फ्लोरा केपेन्सिस’मध्ये हार्वीने केपची ही मंडळी माल्व्हास्ट्रम या वंशात नेऊन बसवली आणि तिथे ती शंभरेक वर्षं राहिली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड बेट्स यांनी सगळ्या वंशाचा अभ्यास छापून त्यांना पुन्हा अ‍ॅनिसोडोंटियात आणलं. म्हणून स्कॅब्रोसाच्या मागे आता कंसात लिनिअसचा ‘एल’ आणि कंसाबाहेर बेट्स असं लिहितात. कंसातला माणूस जातीला पहिलं नाव देणारा, बाहेरचा तिला आजच्या वंशात ठेवणारा.

माल्व्हास्ट्रम हे नाव ऐकून मला एकदम घर आठवलं. माल्व्हास्ट्रम कोरोमंडेलियानम हे पिवळ्या फुलांचं तण आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडमागे माजायचं आणि मी दरवर्षी मुलांना ते दाखवायचे. नावात कोरोमंडल किनारा, मूळ मुलूख अमेरिका. हे सांगितलं तर ऊम इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

वर्गीकरणाचं माझं स्वतःचंही थोडं गंजलेलं होतं. आम्ही शिकलो बेंथम आणि हूकर यांची पद्धत, त्यात फालसा आणि धामण टिलिएसी या वेगळ्या कुळात. १९९८ पासून एपीजी या डीएनएवर आधारलेल्या पद्धतीने ते कुळ माल्व्हेसीत, म्हणजे भेंडीच्या कुळात, विलीन केलं आहे. वाचलेलं होतं, पण हात जुन्या वळणाचे. शेजारच्या कुंपणावरच्या ग्रुइयाला, ज्याला तिथे क्राइसबेसी म्हणतात, मी बिनदिक्कत ‘टिलिएसी’ म्हणाले. विद्यार्थिनी काही बोलली नाही, फक्त वहीत बघत राहिली.

शेवटी हर्बेरियम शीट. जाड कागदावर वाळलेली फांदी शिवायची, एक पान मुद्दाम उलटं, म्हणजे पाठही दिसेल. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: ठिकाण, तारीख, उंची, फुलाचा रंग, कारण वाळल्यावर रंग उडतो. आणि ठळक अक्षरात ‘लागवडीखालील’, कारण हे रानातलं नव्हतं. नावाच्या जागी मी ‘अ‍ॅनिसोडोंटिया स्कॅब्रोसा’ लिहिलं, तर ऊमनी मधे दोन अक्षरं घालायला लावली: सीएफ. लॅटिनमध्ये ‘तुलना करा’. या वंशात बागांमधून वाढवलेले संकरही आहेत, हायपोमॅडारा नावाचा तर चांगलाच पसरलेला. बागेतल्या झुडपाचे आईबाप कोण हे कागदावरून सांगता येत नाही.

मला ते सीएफ. टोचलं. एवढं करून ‘सारखं दिसतं’ एवढंच? म्हणून एका रविवारी नवऱ्याला घेऊन फॉल्स बेच्या किनाऱ्याला गेले, रानातलं सांडरूस बघायला. तोडायचं नाही हे आधीच बजावलेलं होतं, नुसतं बघायचं आणि फोटो. आग्नेयेकडून वारा असा की भिंग डोळ्याशी धरता येईना. ग्रॅनाइटच्या दोन शिळांच्या फटीत कमरेएवढं एक झुडूप सापडलं. नवरा वाऱ्याच्या बाजूला जॅकेट पसरून उभा राहिला आणि मी गुडघ्यावर बसून बाह्यसंवर्त मोजला. पानं घरच्यापेक्षा जाड, फूल लहान, रंग फिका. ग्रंथीकेस दाट, पान नुसतं चिमटीत धरलं तरी बोट चिकटलं, वास तोच. वाऱ्यामुळे आणि खारेपणामुळे झाड असं खुरटलं असेल, किंवा आमचंच झुडूप शुद्ध नसेल. परतताना गाडीत दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले, नवऱ्यालाही दाखवले. तो म्हणाला, “मला तर दोन्ही जास्वंदच वाटतात.”

सीएफ. राहू दिलं. संग्रहात घेण्याआधी कीड मरावी म्हणून शीट प्लास्टिकमध्ये बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची होती, ती मटारच्या पिशवीखाली सपाट बसली. दुसऱ्या दिवशी चार तास वीज गेली आणि मी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.