‘केअर क्रमांक’ नावाचा रकाना आणि माझा पेपर

आमच्या बढतीच्या अर्जात अजूनही एक रकाना आहे: ‘यूजीसी-केअर यादीतील अनुक्रमांक’. ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य संशोधन नियतकालिकांची यादी. ती बंद करत असल्याचे यूजीसीने 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर केले आणि पुढे नियतकालिकांची पारख संस्थांनी आपली आपण करावी असे सांगितले. रकाना मात्र तसाच राहिला आणि माझी फाइल त्यापायी अडकली. ती सुटली, पण राग अजून गेलेला नाही. गोव्यात राहून मराठीतून संशोधन करणाऱ्या तरुण प्राध्यापकांपुढे हाच रकाना येणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा पेपर होता फोंडा महालातल्या देवळांच्या उत्सवांत होणाऱ्या मराठी नाटकांच्या जुन्या हस्तपत्रकांवर. ही पत्रके कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या देवघराच्या खणात होती. साधने मराठी, वाचणारा मराठी, म्हणून पेपरही मराठीतच लिहिला. स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतली इंग्रजी जर्नले त्यामुळे आपोआप बाद झाली. उरले दोन पर्याय. एक ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ ऑनलाइन मासिक, दुसरे महाराष्ट्रातल्या एका जुन्या मंडळाचे छापील त्रैमासिक. या त्रैमासिकाला धड वेबसाइटही नाही आणि त्याचे नाव काढले की स्टाफरूममध्ये लोक नाक मुरडतात.

पहिल्याचा निकाल लावायला वेळ लागला नाही. सकाळी चौकशी केली, संध्याकाळी ‘पेपर स्वीकारला’ असे उत्तर आले. पेपर मी पाठवलाच नव्हता, फक्त गोषवारा दिला होता. सोबत फीचा आकडा, प्रमाणपत्राचा वेगळा दर आणि ठळक अक्षरांत ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा उल्लेख करतात त्याचा आकडा. खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. बाकी अनेक कंपन्या त्याच्याशी मिळतेजुळते आकडे पैसे घेऊन वाटतात. आयएसएसएनचे, म्हणजे नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकाचेही तसेच. तो क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो आणि देताना मजकुराचा दर्जा कुणी तपासत नाही. आयएसएसएन आहे म्हणजे नियतकालिक नोंदलेले आहे, एवढेच.

दुसऱ्याची पारख करणे जड गेले. सर्चमध्ये त्या त्रैमासिकाच्या नावाची एक चकचकीत वेबसाइट सापडली, ‘पेपर अपलोड करा’ असे बटण असलेली. इथे सावध राहा. ज्या जुन्या छापील नियतकालिकांना स्वतःची वेबसाइट नाही, त्यांच्या नावाने आणि त्यांच्याच आयएसएसएनने भलतेच लोक साइट काढतात आणि फी गोळा करतात. अशा नकली नियतकालिकांची वेगळी यादी केअरवाल्यांनाही ठेवावी लागली होती. म्हणून मी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले आणि छापील अंक मागून घेतले. अंकातला पत्ता, फोन आणि साइटवरचा पत्ता यांचा काही संबंध नव्हता. साइट नकली, त्रैमासिक खरे.

जुने अंक चाळताना मार्चच्या सुमाराचा अंक हमखास बघा. छापील नियतकालिकांना फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म 4’ हे निवेदन छापायची रीत आहे. मालक कोण, मुद्रक कोण, संपादक कोण, सगळे त्यात असते. संपादकाला मी त्यातूनच गाठले.

पण माझे मत बनले ते अंक वाचून. तळटिपा बघितल्या: लेखक दप्तरापर्यंत गेला आहे की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलतो आहे? एकाच कॉलेजची माणसे आलटून पालटून लिहीत नाहीत ना? मग एका अंकात दोन पानांचे पत्र सापडले. आधीच्या अंकातल्या लेखाचे कालनिर्णय कसे चुकले ते एका वाचकाने पुराव्यासकट मांडले होते आणि खाली मूळ लेखकाचे उत्तर होते. जिथे लेख कुणीतरी इतक्या बारकाईने वाचतो, तिथे माझा लेख जावा असे मला तेव्हाच वाटले.

पेपर पाठवला. बरेच दिवस काहीच नाही, मग परीक्षकाचे टिपण आले. तारीख नसलेली पत्रके मी मुद्रणालयाच्या नावावरून लावली होती. परीक्षकाने विचारले, मदतीच्या प्रयोगांच्या पत्रकांवर तिकिटाचा दर आहे का? दर तंग्यांत, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या जुन्या नाण्यांत, असेल तर पत्रक 1958 च्या आधीचे. एस्कुदांत असेल तर 1958 ते 1961 मधले, कारण पोर्तुगिजांनी त्या काळात इथे एस्कुद हे चलन चालवले. नव्या पैशांत असेल तर मुक्तीनंतरचे. मी पत्रके पुन्हा पसरून बसले आणि पेपरचा तिसरा भाग नव्याने लिहिला. पैसे भरून कुणी मला हे दिले नसते.

आता ऑफिसकडे येते. अंक छापून आला, मी फाइल दिली. टेबलावरून उत्तर आले, “मॅडम, यादीतलो नंबर ना जाल्यार फायल फुडें वचची ना.” मी सांगितले, यादीच बंद झाली. “पूण रकानो आसा न्हय?” बिचाऱ्या क्लार्कला दोष देत नाही, त्याला फॉर्म वरून आलेला. पण ज्यांच्याकडे फॉर्म बदलायचा अधिकार होता, ते म्हणाले, “एखादा आंतरराष्ट्रीय पेपर टाकून द्या ना, आठवड्यात होतं.” म्हणजे वर सांगितलेलेच मासिक! वर्षानुवर्षे जमवलेल्या साधनांवरचा पेपर अडकवायचा आणि विकत घेतलेल्या प्रमाणपत्राला वाट द्यायची, हे मला सहन झाले नाही. आजही होत नाही.

यादीवर इतका भरवसा ठेवायलाही कारण नव्हते. केअरच्या आधीच्या यादीतून यूजीसीला 2018 च्या मे महिन्यात 4,305 नियतकालिके एका फटक्यात काढावी लागली होती. त्यांत छापलेल्यांचे क्रमांक त्याआधी असेच रकान्यांत भरले गेले असणार.

उपयोगी पडला तो नियमच. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचा तक्ता आहे. त्यात भाषा आणि मानव्यविद्यांसाठी दर पेपरला 10 गुण, विज्ञानासाठी 8. आणि अट आहे ‘पीअर रिव्ह्यूड (म्हणजे लेख छापण्याआधी जाणकार परीक्षकाकडून तपासून घेणारे) किंवा यूजीसीच्या यादीतले’ नियतकालिक. दोन्हींपैकी एक पुरे. तेवढा भाग अधोरेखित करून मी त्या पानाची प्रत जोडली. सोबत परीक्षकाचे टिपण, माझी दुरुस्तीची प्रत, संपादक मंडळाचे पान, फॉर्म 4 चे पान आणि आयएसएसएन पोर्टलवरची नोंद. रकाना कोरा ठेवू नका, कोरा दिसला की फाइल परत येते. मी लिहिले: ‘यादी बंद, 2018 च्या नियमावलीप्रमाणे पीअर रिव्ह्यूड, पुरावे जोडले आहेत.’ मग समितीतल्या एका बाहेरच्या सदस्यांनी टिपण खरोखर वाचले आणि पेपर मान्य झाला. 10 गुणांपेक्षा त्यांनी तंग्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नाचा मला जास्त आनंद झाला.

परीक्षकाचे टिपण ईमेलने आले तर ते जपा, फोनवर आले तर संपादकांना चार ओळी लिहून द्यायला सांगा. छोट्या मंडळांना कागद देण्याची सवय नसते, पण मागितला तर आनंदाने देतात.

पीएचडीच्या मुलांना एक सांगायचे राहिले. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट 2022 च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि तोवर कुणालाही फी पाठवू नका.