निघोजचे रांजणखळगे

परवा एकदाचं निघोजला जाणं झालं. पारनेर तालुक्यात, मळगंगा देवीचं देऊळ आहे तिथेच कुकडी नदीच्या पात्रात हे रांजणखळगे, म्हणजे कातळात पडलेले रांजणासारखे खोल खड्डे आहेत, पलीकडचा काठ म्हणजे शिरूरचं टाकळी हाजी. फोटो खूप बघितले होते पण काठावर उभं राहून खाली बघितलं की पोटात गोळाच येतो राव!

हा सगळा आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्याला भोकं पाडली कोणी तर पाण्याने, पण एकट्या पाण्याने नाही हं. कातळात आधी एखादी भेग किंवा बारीकसा खड्डा असतो, पुरात त्यात वाळू-गोटे अडकतात, भोवऱ्यात गरागरा फिरतात आणि पाटा-वरवंट्यासारखे खालचा दगड घासत बसतात, गोटे झिजून संपले की पुढच्या पुरात नवे येतात. शेजारशेजारचे रांजण वाढत वाढत एकमेकांत फुटतात आणि मग तिथे सलग घळच होते.

एका कोरड्या रांजणात हात घातला, आतली भिंत एकदम गुळगुळीत आणि तळाशी चार-पाच गोल गोटे, लिंबाएवढे. एक खिशात टाकणार होतो, पण परत ठेवला, त्याचं काम अजून बाकी आहे.

आणि हो, पावसाळ्यात कडेला जाऊन सेल्फी काढू नका, शेवाळ फार असतं.