पटावरचे एकसष्टावे नाव

२०२२ च्या जूनमध्ये माझी मुलगी तिसरीत जायची होती, आणि तिला तालुक्याच्या रस्त्यावरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढून गावातल्या जिल्हा परिषद शाळेत घालायचे आम्ही ठरवले. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे आहे. चार एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि त्यात तुरीची तासे, एवढाच आमचा पसारा. पहिली आणि दुसरी अशी दोन वर्षे ती त्या शाळेत शिकली असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात कोरोनामुळे बहुतेक काळ शाळा बंद होती, घरात मोबाइल एकच होता आणि तो दिवसभर यांच्यासोबत वावरात असे. मे महिन्यात यांनी कपाशीच्या बियाण्याची पाकिटे आणली, तेव्हा मी सहज म्हणून तिला त्यावरचे मराठी अक्षर वाचायला सांगितले. तिने पाकीट उलटेसुलटे केले, चित्राकडे पाहिले आणि ‘कॉटन’ म्हणून सांगितले. ‘कापूस’ ही तीन अक्षरे तिला वाचता आली नाहीत, आणि इंग्रजी अक्षरेही तिने ओळीने म्हटली तरच तिला सापडत होती.

गावात या निर्णयाची चर्चा झालीच. “पोरीले कायले वापस आनता? लोकं म्हनतीन, पैसे सरले यायचे,” असे सासूबाई म्हणाल्या, आणि पैसे सरले होते हेही खोटे नव्हते. पण केवळ पैशांसाठी आम्ही हे केले नाही, हे येथे नोंदवून ठेवते.

पहिली अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची आली. जुन्या शाळेत गेलो तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी वही उघडून ११,४०० रुपये बाकी असल्याचे दाखवले आणि बाकी भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही असे स्पष्ट सांगितले. यांनी शाळा बंद असलेल्या महिन्यांचा विषय काढला, तर संचालकांना भेटा असे उत्तर मिळाले, आणि संचालक त्या दिवशी नव्हते. पुढच्या दोन खेपांनाही ते नव्हते. मला आज वाटते की आम्ही पहिल्याच खेपेला लेखी अर्ज द्यायला हवा होता, कारण तोंडी मागणीचा कुठेही पुरावा राहत नाही आणि मागून कोणी विचारले की आपल्याजवळ दाखवायला काहीच नसते.

उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आमच्या विदर्भात उन्हामुळे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. त्या जास्तीच्या दिवसांत दाखला मिळेल या आशेवर मी थांबले आणि शेवटी रिकाम्या हातानेच गावच्या शाळेत गेले. मुख्याध्यापक सरांनी माझे सगळे ऐकून घेतले, मुलीला जवळ बोलावून तिचे नाव विचारले आणि म्हणाले, “ताई, तिला उद्यापासून पाठवा. दाखला येईल तेव्हा येईल.” मला ते खरे वाटेना. तेव्हा त्यांनी शिक्षण हक्क कायदा समजावून सांगितला. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्याच्या पाचव्या कलमात लिहिले आहे की मूल सरकारी शाळेत येत असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तातडीने दिला पाहिजे, आणि दाखला उशिरा आला या कारणासाठी नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, ते चौदाव्या कलमात आहे. मी एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, सरांनी त्यावर शिक्का मारला, आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मुलीचे नाव चढले. शाळेच्या पटावर ती एकसष्टावी होती.

हा आकडा मला तेव्हा नुसता आकडा वाटला. आमची शाळा पहिली ते चौथीपर्यंतची, तेव्हा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर तालुक्याला बैठकीला गेले की चारही वर्ग व्हरांड्यात एकत्र बसत आणि मॅडम एका फळ्याचे चार भाग पाडून शिकवत. मी स्वतः पाहिले आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. म्हणजे माझ्या मुलीच्या नावाने तिसऱ्या शिक्षकाचे पद उघडू शकत होते, पण ते नाव ऑनलाइन पटावर, म्हणजे ‘सरल’मध्ये दिसायला हवे होते, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या. जुन्या शाळेने तिला ऑनलाइन सोडायला हवे होते आणि तिचे आधार वैध ठरायला हवे होते. संचमान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारी प्रक्रिया, त्या वर्षी आधार वैध असलेल्या मुलांवरच होणार होती. वर्गात मूल रोज बसते, खिचडी खाते, बेरजा करते, पण आधार जुळले नाही तर ते मोजले जात नाही.

आता आधारचे सांगते, कारण सगळ्यात जास्त फेऱ्या त्यातच गेल्या. मुलीचे आधार एका शिबिरात काढले होते, आणि त्या गर्दीत ऑपरेटरने तिची जन्मतारीख १ जानेवारी २०१४ टाकली होती. तारीख पक्की सांगता आली नाही की १ जानेवारी टाकायची, अशी त्या वेळी सर्रास पद्धत होती. आमच्या गावात १ जानेवारीला जन्मलेली माणसे इतकी आहेत की त्या दिवशी प्रत्येक घरात केक कापावा लागेल. खरी तारीख १२ फेब्रुवारी २०१४. शिवाय नावात वडिलांचे नाव गळले होते. नाव, लिंग आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी शाळेच्या नोंदीशी जुळल्या तरच आधार वैध ठरते, आणि आमच्या तीनपैकी दोन चुकल्या होत्या.

तारीख दुरुस्तीसाठी जन्माचा दाखला हवा. पहिले बाळंतपण माहेरी झाले असल्याने तिची नोंद नदीपलीकडे, वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीत होती. आम्हाला तेव्हा दिलेला दाखला पत्र्याच्या पेटीत सापडला, पण त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी होती. नोंदणी जन्मल्याबरोबर झाली आणि बारसे नंतर, त्यामुळे नाव टाकायचे राहून गेले, असे हजारो दाखले असतील. नाव एका वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत टाकता येते, हे मला ग्रामसेवकांनी फोनवर सांगितले. मात्र फोन झाला आणि पाऊस लागला. त्या जुलैमध्ये विदर्भात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, आमची कपाशी दोनदा पाण्याखाली गेली आणि पुलावरून वाहतूक बंद झाली. माहेर तासाभराच्या अंतरावर असूनही मी पोळ्याच्या आधी कसेबसे तिथे पोचले.

नाव असलेला दाखला हातात आल्यावर तालुक्याच्या आधार केंद्रावर दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला टोकन संपले होते. दुसऱ्या खेपेला सकाळी सातपासून रांगेत बसले, ५० रुपये भरले आणि ऑपरेटर टाइप करीत असताना त्याच्या पाठीमागे उभी राहून एकेक अक्षर वाचून घेतले. तो वैतागला, तरी मी हलले नाही. आधारवरची जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते हे सरांनी बजावून सांगितले होते, त्यामुळे तेथे चूक झाली असती तर पुढचे दार फार अवघड होते. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की पावती हातात देण्यापूर्वी ऑपरेटर पडद्यावर जे दाखवतो ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचणारे माणूस सोबत न्या.

इकडे जुन्या शाळेचा प्रश्न तसाच होता. आमच्या सरांनी ‘सरल’वर विनंती टाकली होती, आणि ती तिकडे नुसती पडून होती. तेव्हा मी दाखल्यासाठी लेखी अर्ज केला. तो कार्यालयाने घेण्यास नकार दिला म्हणून रजिस्टर पोस्टाने पाठवला, आणि पोचपावती आल्यावर तिची झेरॉक्स जोडून दुसरा अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे दिला. दोन प्रती करायच्या, एक त्यांना द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यायचा, ही सवय मला या प्रकरणाने लावली. पुढे केंद्रप्रमुख त्या शाळेत जाऊन आले, आणि दसऱ्यानंतर एके दिवशी सरांचा फोन आला की मुलगी ऑनलाइन आपल्याकडे आली. फीबद्दलही लिहिते, कारण नाहीतर हे अर्धवट होईल. शाळा ज्या महिन्यांत खरोखर भरली होती त्यांची फी बुडवायची आमची इच्छा नव्हती. पहिला कापूस विकल्यावर यांनी ४,००० रुपये नेऊन भरले आणि पावती घेतली. उरलेल्या रकमेबद्दल त्यांनी पुन्हा विचारले नाही.

दरम्यान मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतले होते. या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्याकडे अनेकदा त्या महिलांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात, हेही खरे आहे. पहिल्या बैठकीत सरांनी यादी ठेवली. एकसष्टपैकी नऊ मुलांची आधार अवैध. एका मुलाच्या आधारवर ‘स्त्री’ लिहिलेले, दोघांचे आधार काढलेलेच नाही, बाकीच्यांच्या तारखा आणि नावे चुकलेली. सर म्हणाले, “ताई, मी दिवसा दोन वर्ग घेतो आणि रात्री टेकाडावर जाऊन रेंज शोधत या नावांशी झुंजतो. शिकवायचं केव्हा?” हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत, त्यामुळे मला ते जास्त लागले. कायद्याने शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे सांगता येतात. पण माहिती भरणे हे त्यात मोजतच नाहीत, कारण ते शाळेचेच काम समजले जाते.

आम्ही तिघी बायांनी ती नऊ घरे वाटून घेतली. दिवस कापूस वेचणीचे होते, म्हणजे घरी कोणी भेटायचे तर पहाटे किंवा दिवा लागल्यावर. वेचणीला किलोमागे मजुरी मिळते, त्यामुळे आधार केंद्रावर एक दिवस घालवा म्हणणे म्हणजे त्या बाईची दिवसाची कमाई मागणेच होते. एकीने मला सरळ विचारले, “माह्या पोराचं नाव जुळलं तर मले काय भेटते?” तिसरा मास्तर भेटेल, असे मी म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, “दोन त आधी राहू द्या.” तरीही ती आली. आम्ही एक दिवस ठरवून सात मुले आणि त्यांच्या आया एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बसवून केंद्रावर नेल्या. गाडीचे भाडे समितीतल्या तिघांनी मिळून दिले. राहिलेल्या दोघांची कुटुंबे वीटभट्टीवर जाण्याच्या बेतात होती. मुलांना आजीजवळ ठेवा म्हणून सर त्यांच्या घरी दोनदा गेले. एक आजी तयार झाली. दुसरे कुटुंब गेले, आणि त्यांचा मुलगा फेब्रुवारीत परत आला तेव्हा त्याला आकडे लिहिता येत होते, कारण भट्टीवर तो विटांचा हिशेब ठेवत होता.

आधार वैध करण्याची मुदत वाढत गेली, म्हणून आमचा आकडा शेवटी जुळला. मुलीचे म्हणाल तर सरांनी तिला वाचनाच्या तासाला दुसरीच्या मुलांत बसवले होते. मला आधी ते कमीपणाचे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. त्यांनी तिच्यासमोर काही समजावले नाही. नंतर मला एकटीला म्हणाले की तिला वर्गाची नाही, अक्षरांची लाज वाटते आहे, ती आधी घालवू. डिसेंबरात तिने पोषण आहाराच्या फलकावरचे वाचून मला घरी सांगितले की पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ असतो, आणि वर विचारले की मग आपल्याकडे खिचडी एवढी पातळ का. हा प्रश्न मी पुढच्या बैठकीत मांडला.

तिसरे पद मंजूर झाले तरी शिक्षक लगेच आला नाही. भरती रखडलेली होती, आणि नवे सर रुजू झाले तेव्हा २०२४ चा मार्च उजाडला होता. ते दुसऱ्या जिल्ह्यातले. पहिल्या आठवड्यात त्यांना मुलांची वऱ्हाडी समजेना आणि मुलांना त्यांचे ‘असं का’ समजेना, कारण आमच्याकडे ‘असं काऊन’ म्हणतात. माझी मुलगी तोवर चौथी संपवत आली होती, म्हणजे तिला त्यांच्या हाताखाली दीड महिनाही मिळाला नाही.

निकाल लागला त्या दिवशी मी पाचवीसाठी केंद्रशाळेत न्यायचा दाखला मागितला. सरांनी लगेच पुस्तक काढले आणि लिहायला घेतले. जन्मतारखेच्या रकान्याशी येऊन ते थांबले, मला पिशवीतून आधार आणि जन्माचा दाखला दोन्ही काढायला लावले, शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि मग अंकांत लिहून खाली अक्षरी लिहिले, बारा फेब्रुवारी दोन हजार चौदा.