शेजारच्या बोअरवेलपासून ६२ फूट

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ३५१ शहरं-गावं आहेत आणि प्रत्येकाचं स्वतःचं बोर्ड ऑफ हेल्थ, म्हणजे आरोग्य मंडळ, असतं. अशाच एका लहान गावात मी हेल्थ एजंट, म्हणजे बोर्डाच्या वतीने तपासण्या करणारी अधिकारी, आहे. गावाच्या बऱ्याच भागात ना गटारलाइन ना नळ. अंगणात एका बाजूला सेप्टिक टाकी, दुसऱ्या बाजूला बोअर. बोर्डापुढे हॉटेलांचे परवाने येतात, कोंबड्या पाळायचे अर्ज येतात, ते पटापट निकाली निघतात. सभा लांबते ती सेप्टिकच्या अर्जांवर.

त्या संध्याकाळचा अर्ज तळ्याकाठच्या एका जुन्या घराचा होता. मालक एकटे, वयस्कर गृहस्थ. घर विकून मुलीजवळच्या वृद्धनिवासात जायचं ठरलं होतं. इथे घर विकायचं तर सेप्टिकची तपासणी करून घ्यावी लागते, १९९५ पासून ‘टायटल फाइव्ह’ या राज्याच्या सेप्टिक नियमावलीत तसा नियमच आहे. यांच्याकडे टाकी नव्हतीच, होता तो जुना दगडी शोषखड्डा. तो नापास झाला.

नवीन यंत्रणेसाठी जागा शोधायला खड्डा खणला तेव्हा मी हजर होते. ऑगस्ट होता. खड्डा कोरडा ठणठणीत. काठावर उभे राहून आजोबा म्हणाले, “बघा, पाण्याचा टिपूस नाही.” माती तपासणारा खाली उतरला. वर काळसर माती, मग पिवळट तपकिरी रेताड थर, आणि ३४ इंचांवर राखाडी मातीत गंजासारखे नारिंगी डाग. ढेकूळ हातात घेऊन त्याने ते रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनांशी ताडून पाहिलं. दर वसंतात बर्फ वितळलं की पाणी तिथवर चढतं आणि आठवडेच्या आठवडे मुरून राहतं, तेव्हा लोहाचे असे डाग पडतात. खड्डा कोरडा असला तरी भूजलाची पातळी आम्ही तिथेच धरतो. शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जिथे जमिनीत मुरतं ती जागा, या पातळीपासून चार फूट वर हवं. म्हणजे ते मातीचा भराव घालून उंच करावं लागणार होतं.

त्याहून मोठी अडचण अंतराची होती. शोषक्षेत्र खासगी विहिरीपासून १०० फूट दूर हवं, पाणथळ जागेपासून ५० फूट. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची बोअर. इंजिनिअरने कुठेही बसवलं तरी बोअर ६२ फुटांवर येत होती. म्हणून बोर्डाकडे नियमातून सूट मागितली होती.

अशा अर्जाची नोटीस शेजाऱ्यांना रजिस्टर्ड पोस्टाने, सभेच्या निदान दहा दिवस आधी द्यावीच लागते. ती मिळाल्यामुळे शेजारीण सभेला आली. सातवा महिना असावा. ती मागच्या रांगेत बसली होती.

इंजिनिअरचा मुद्दा वरवर बिनतोड होता: जुना खड्डा बोअरपासून ४५ फुटांवर आहे, नवीन यंत्रणा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली. हा युक्तिवाद मी नेहमी ऐकते आणि मला तो कधीच पटत नाही. सूट द्यायची तर दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: नियम लावला तर उघड अन्याय होईल, आणि नियम न पाळताही संरक्षण तितकंच मिळेल. पहिली गोष्ट आजोबांच्या बाबतीत खरीच होती. पण ‘आधीपेक्षा बरं’ म्हणजे ‘तितकंच सुरक्षित’ नव्हे.

सभेआधी मी त्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली होती. जंतू नव्हते. सांडपाण्यातून भूजलात उतरणारं नायट्रेट लिटरला ७.८ मिलिग्रॅम. मर्यादा १० ची, म्हणजे कागदावर पास. मी आकडा वाचल्यावर बोर्डातल्या एक बाई, त्या निवृत्त नर्स, मागे वळल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “बाळाला वरचं दूध देणार आहात का?”

ती म्हणाली, “हो, पावडरचं. पाणी उकळूनच घेईन.”

मग मला बोलावं लागलं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते दाटच होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने घटते, बाळ निळं पडतं. १० ची मर्यादा ठरली तीच तान्ह्या बाळांसाठी. आणि माती जंतू अडवते तसं नायट्रेट अडवत नाही, ते भूजलाबरोबर पुढे जातं.

खोलीत कोणी बोललं नाही. मग आजोबांनी इंजिनिअरला विचारलं, “यांना नवीन बोअर मारून द्यायला किती खर्च येईल?” वकिलाने त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला. “माझी मुलं याच तळ्याकाठी वाढली. घर विकून पैसे येणारच आहेत, त्यातून करा.”

अर्ज नामंजूर करण्याची शिफारस माझ्या फाइलमध्ये लिहून तयार होती. ती मी वाचलीच नाही. बोर्डाने सुनावणी पुढच्या महिन्यावर ढकलली आणि तोवर शेजाऱ्यांना पिण्याचं पाणी आजोबांच्या खर्चाने द्यायचं ठरलं.

पुढच्या वेळी नवीन नकाशा आला. शेजाऱ्यांची बोअर रस्त्याच्या बाजूला, चढावर, शोषक्षेत्रापासून १०८ फूट. विहिरीसाठी सूट मागायची गरजच उरली नाही. भूजलापासूनचं चार फुटांचं अंतर तेवढं तीनवर आणायला बोर्डाने मंजुरी दिली, आणि त्याच्या बदल्यात, सांडपाणी वाढू नये म्हणून, घरात दोनच बेडरूम राहतील ही अट मालमत्तेच्या दस्तात नोंदवायला लावली. खरेदीदार कुरकुरला, पण तयार झाला.

एक अट मी आग्रहाने घालून घेतली: नवीन बोअरच्या पाण्याचा अहवाल येऊन जुनी बोअर बुजवल्याशिवाय सेप्टिकचं काम सुरू करायचं नाही. अहवाल आला तेव्हा नायट्रेट १ च्याही खाली होतं. परवान्यावर मी त्याच दुपारी सही केली.