६४ केबीत हादोकेन: काम कुठवर आलं

काल रात्री हादोकेन, म्हणजे हातांतून ऊर्जेचा गोळा फेकायचा डाव, निघाला! दहापैकी सात वेळाच, पण निघाला.

नव्यांसाठी थोडक्यात: 'स्ट्रीट फायटर २'च्या धर्तीवरची मारामारी मी एमआयडीपी १.० (साध्या फोनवर जावाचे खेळ चालवणारी जुनी प्रणाली) वाल्या जुन्या फोनवर बसवतोय. स्क्रीन १२८ × १२८, जार (खेळाची अख्खी फाइल) ६४ केबीच्या आत. चित्रं माझी, मूळ खेळ काढणाऱ्या कॅपकॉमची नाहीत.

१९९१ च्या त्या आर्केडची स्क्रीन ३८४ × २२४. ३८४ भागिले ३ बरोबर १२८, म्हणून मी खूश होतो. कसलं काय! तिसऱ्या हिश्शात पैलवानाची मूठ कुठली नि कोपर कुठलं तेच कळेना. शेवटी ३२ पिक्सेल उंचीत सगळं हाताने पुन्हा काढलं, मुठी आणि पाय मुद्दाम थोराड ठेवून.

खरी डोकेदुखी बटणांची. आर्केडला काठी आणि सहा बटणं. इथे एक अंगठा. त्यात त्या काळच्या बऱ्याच फोनांना दोन बटणं एकदम दाबलेली कळतच नाहीत. म्हणजे बसून लाथ मारणं बादच. उपाय असा: ८ दाबलं की गडी बसतो आणि २ दाबेपर्यंत बसूनच राहतो. ५ ला ठोसा, ० ला लाथ. शुद्धतावादी ओरडतील, ओरडोत.

हादोकेनला मात्र नंबरपॅड फिट्ट बसतो: ८, ९, ६, मग ५. अंगठा आपोआप गोल फिरतो. बटण धरून ठेवलंय का हे मी बघतच नाही, फक्त क्रम बघतो. आधी बटणांमधली वेळ फ्रेममध्ये मोजत होतो. आर्केडला सेकंदाला ६० च्या आसपास फ्रेम, माझ्याकडे जेमतेम १२, तेही कमीजास्त. मिलिसेकंदांवर आल्यावर जमलं.

डावीकडे तोंड करताना वेगळीच गंमत. एमआयडीपी १.० मध्ये चित्र उलटवायची सोय नाही, म्हणून नोकियाच्या यूआय एपीआयची (नोकियाने आपल्या फोनांत दिलेल्या जादा आज्ञांची) घेतली. पण ती सगळ्या फ्रेम ओळीने मांडलेली अख्खी पट्टी उलटवते, पहिली फ्रेम जाते शेवटच्या जागी. माझी शेवटची फ्रेम चीतपट झालेल्याची. गडी डावीकडे वळला रे वळला की आडवा! दोन संध्याकाळी मी टक्कर (फटका लागला का ते) तपासणारा कोड उकरत बसलो होतो.

(उलटवण्याची काटकसर मूळ खेळातही आहे. त्यातल्या सगात या लढवय्याच्या डोळ्यावरची पट्टी बघा, तो वळला की दुसऱ्या डोळ्यावर जाते.)

जार सध्या ५८ केबी. दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळी चित्रं परवडणार नाहीत, म्हणून पीएनजी चित्रफाइलीतली रंगांची यादी मेमरीतच बदलून पाहतोय. यादीच्या त्या तुकड्याचा सीआरसी (तपासणीचा आकडा) पुन्हा काढावा लागतो, नाहीतर चित्र उघडतच नाही. आज तिथेच अडकलोय.